कुंकवाचं निमित्त

"मेला पुन्हा पेटला नाही! ऐन वेळी दगा देतो."

मित्रांनो, हे माझ्याबद्दल चाललं आहे. बोलताहेत ते माझे मालक, कृष्णकांत. त्यांचं तोंड माझ्यापासून वीतभरच लांब असतं, म्हणून त्यांचं पुटपुटणं मला भाषणाइतकं स्पष्ट ऐकू येतं. मी त्यांच्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा फ्लॅश. वय झालेला, कोपरे झिजलेला. पण देवाशपथ सांगतो, बिघडलेला नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. जन्मताच खोक्यात घातलेल्याला काय आठवणार? खोकं उघडलं ते मस्कतला, रुवीतल्या जहूरभाईंच्या दुकानात. जहूरभाई मूळचे रत्नागिरीकडचे. "भाऊ, याला जपा, हा तुम्हाला जपील," असं म्हणून त्यांनी मला मालकांच्या हाती दिलं.

मग मी राबलो. आमच्या सईचं बारसं मीच उजळलं. तिने पाहिलेला पहिला लखलखाट माझा, आणि तो पाहून तिने भोकाड पसरलं. तिथल्या मराठी मंडळाचे गणपती, हळदीकुंकू, मुंजी, कुणाकुणाचे निरोपसमारंभ. माझ्या उजेडात लोकांच्या सुरकुत्या पुसल्या जायच्या आणि शाबासकी कॅमेऱ्याला मिळायची. असो. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि मी कपाटात गेलो. वर्षातून दोनचारदाच बाहेर निघू लागलो, आणि तेव्हाही फोटो काळे यायला लागले.

यंदा खंडेनवमीला नयनाताईंनी, म्हणजे मालकिणीने, घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली. पान्हे, मिक्सर, सईचा लॅपटॉप, गाडीचं स्टिअरिंग. मी उताणा पडलो होतो. त्यांनी भक्तिभावाने ओलं हळदकुंकू लावलं ते नेमकं माझ्या पायाला. तिथे बारीक धातूच्या टाचण्या असतात, त्यांच्यातूनच कॅमेरा मला हुकूम देतो. देवाच्या नावाने माझे कानच बुजवले म्हणा ना.

दसऱ्याच्या कार्यक्रमात मी पुन्हा पेटलो नाही, आणि घराला गुन्हेगार सापडला.

"तुझ्या कुंकवाने घात केला," मालक म्हणाले.

"बरं बाबा, माझंच चुकलं," नयनाताई म्हणाल्या.

इतक्या चटकन त्या कधीच चूक कबूल करत नाहीत. शिवाय काळे फोटो तर खंडेनवमीच्या कितीतरी आधीपासून येत होते. पण ते कुणी बोललं नाही. का, ते सांगतो. मालक रुसैलच्या एका कारखान्यात पत्र्याचे डबे तपासतात. ओरखडा दिसला की डबा नापास. डोळ्यांवरच पगार. पगार गेला की व्हिसा गेला, व्हिसा गेला की सईची बारावी अर्ध्यावर. ज्या घरात माणसाचं नाव घेता येत नाही, तिथे वस्तूचं घेतात. मित्रांनो, हे मी कडवटपणे बोलतोय, आणि मला तसा हक्क आहे.

मंडळाची कोजागिरी जवळ आली होती. "या वर्षी तरुण मुलांना देऊ या का फोटोंचं काम?" असं मंडळवाल्यांचं फोनवर विचारून झालं होतं. मालकांनी फोन ठेवला आणि गाडी काढली. जहूरभाईंचं दुकान आता दीडदोन तासांवरच्या निझवाच्या बाजारात आहे. सईने मला मांडीवर घेतलं.

रस्ताभर नयनाताई गप्पा मारत होत्या. "अहो, तो पुढचा टँकर बघा कसा रेंगाळतोय... उजवीकडचा फाटा आपलाच ना?... अगंबाई, हा डावीकडून काय सुसाट आला!" कुणाला वाटावं, बाई किती बडबडी. मी सईच्या मांडीवर होतो. तिचे गुडघे दगडासारखे घट्ट झाले होते.

जहूरभाईंनी स्पिरिटने माझं कुंकू पुसलं, टाचण्यांवरून खोडरबर फिरवला. "वहिनी, मशिनाला अत्तर लावा, कुंकू नको," म्हणून हसले. मग त्यांनी मला पेटवलं. चमकलो. थांबून पुन्हा. पुन्हा चमकलो. त्यांनी मला मालकांच्या हाती दिलं.

मालकांनी बटण दाबलं. चमकलो. लगेच दुसऱ्यांदा दाबलं. कसा पेटू? एकदा चमकलो की मला दम खावा लागतो. तयार झालो की पाठीवर तांबडा दिवा लावतो. दिवा लागला नव्हता. त्यांनी परत दाबलं. तेव्हाही दिवा लागला नव्हता.

जहूरभाईंनी नयनाताईंकडे पाहिलं. नयनाताई घड्याळांचे पट्टे पाहू लागल्या.

"बॅटऱ्या नव्या टाका, भाऊ. इन्शाल्ला चालेल."

"हवाच दमट आहे हो," नयनाताई म्हणाल्या. निझवात! जिथे वाऱ्याने ओठ फुटतात.

"खलास. टाकून द्या हा." मालकांनी मला काउंटरवर आपटलं आणि खिशातून गाडीची किल्ली काढली. "चला, उजेड आहे तोवर घरी पोचू."

मित्रांनो, वस्तूंना जपा. त्यांच्या बॅटऱ्या काढून ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा, ओलं काही लावू नका. आणि एवढं करूनही त्या चुकल्या असं वाटलं, तर त्यांना धरणाऱ्या माणसालाही जपा. गप्प राहणं म्हणजे जपणं नव्हे.

सई इतका वेळ दाराशी उभी होती. तिचं मराठी अडखळतं. एरवी इंग्रजीतच बोलते. गोष्ट गोल फिरवून, साखर लावून सांगण्याइतकं मराठी तिला येतच नाही. ती पुढे आली आणि तिने बापाच्या हातातली किल्ली धरली.

"सई, नको," नयनाताई म्हणाल्या.

"बाबा, फ्लॅश ठीक आहे," सई म्हणाली. "तुम्हाला दिसत नाही. आणि आईला पण माहिती आहे."