अलीगंजच्या बाप्पाचा गळा

कुणालाही पटणार नाही, हवी तर पैज लावा, पण लखनौत, भर दुपारी, ऐंशी माणसांसमोर अलीगंजच्या गणपतीने आपली आरती आपणच म्हटली! अवनी, आत्तापासून हसू नकोस.

तिथल्या मराठी मंडळाची आरती चौदा वर्षं चंद्रहास म्हणायचा. गझला गाणारा माणूस, हजरतगंजात त्याच्या कॅसेट्स हातोहात खपायच्या. त्याने षड्ज लावला की गोमतीतले मासे काठावर येऊन बसत! एकदा एका हिंदी वर्तमानपत्राला मुलाखत देताना तो बोलून गेला, "माझी श्रद्धा सुरांवर आहे. देवाला कमिटी लागत नाही."

झालं! मंडळाचे सेक्रेटरी भास्करराव कडाडले, "हा नास्तिक मंडपात दिसता कामा नये!"

दिसला नाही. पण गणपती बसले त्या दिवशी चंद्रहास घरी जेवत असताना कर्ण्यावरून आरती आली आणि घास हातातच राहिला. आवाज त्याचाच! भास्कररावांनी जुनं रेकॉर्डिंग लावलं होतं.

"गळा चालतो, माणूस चालत नाही?" त्याने बायकोसमोर ताट सारलं. "अरुणा, या भास्कऱ्याचं नाक कापल्याशिवाय तंबोऱ्याला हात लावणार नाही!"

नऊ दिवस तो धुमसत राहिला. विसर्जनाच्या सकाळी नवी कॅसेट तयार. आधी आरतीचं पहिलं कडवं, आणि त्यापुढे त्याचाच आवाज: "भास्करराव, नास्तिकाच्या गळ्यावर टाळ्या पिटता? जा, कान धुऊन या गंगेत!"

ते ऐकून अरुणाबाई म्हणाल्या, "देवाला कमिटी लागत नाही ना? मग तुम्हांला सूड घ्यायला देवाची आरती का लागते? त्यांनी धर्माची काठी केली, तुम्ही श्रद्धेची करताय. टाळकी फुटायची तीच!"

"आधी सूड, मग शहाणपण!" म्हणत चंद्रहास मागच्या कनातीतून मंडपात घुसला, मूर्तीमागच्या डेकमधली कॅसेट बदलली आणि मजा बघायला तिथेच पडद्याआड दबा धरून बसला.

भास्कररावांनी तबक उचललं. पहिलं कडवं संपलं. चंद्रहासने श्वास रोखला... आणि लाइट गेली! लखनौची लाइट ती, मुहूर्त साधूनच जाते.

कर्णा बंद पडला. टेपवर टाळ्या वाजवायची सवय झालेल्यांपैकी एकालाही दुसरं कडवं येईना. भास्कररावांनाही नाही! त्यांचे ओठ नुसतेच हलत होते. चंद्रहासला गुदगुल्या झाल्या. बघ लेका, धर्माचा ठेकेदार! याहून गोड सूड कुठला?

पण आरती पुरी झाल्याशिवाय तबक खाली ठेवायचं नसतं. कापूर भडकला, पितळ तापलं. भास्कररावांचा तळवा भाजत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रख दीजिए, भाईसाहब!" कुणीतरी ओरडलं.

"नाही! बाप्पाची आरती अर्धी नाही सोडायची."

चंद्रहास चरकला. अरे, ज्याला ढोंगी म्हटलं त्याचीही श्रद्धा इतकी खरी? आणि मी इथे तिची टिंगल करायला लपलोय! त्याने डेकमधली कॅसेट उपसून खिशात कोंबली.

आणि तेवढ्यात, मंडळी, चमत्कार! बाप्पाच्या सोंडेतून दुसरं कडवं खणखणीत उमटलं! कर्णा बंद, गायक हद्दपार, मग गायलं कोण? बाप्पाच! सोंड तालावर डोलत होती, कापराच्या धुराने बाप्पाला मधेच खोकलाही आला!

म्हणून सांगतो, नागरिकहो, दुसऱ्याची श्रद्धा मोजायला निघू नका. ती कमिटीतही सापडते, कमिटीबाहेरही. आणि आपल्या सुडाला कधी देवाचं नाव देऊ नका!

"झूठ, आजोबा!" अवनी ओरडली. "बाप्पा बीच में खाँसते हैं क्या? पर्दे के पीछे चंद्रहास अंकल थे, अरुणा आंटी ने खुद बताया." तिने आजोबांचा हात उलटा करून तळव्यावरचा जुना डाग सगळ्यांना दाखवला. "और भास्करराव तो आप ही हैं!"