झटकलेल्या शालीतले पितर

पडद्यावर फोटो उमटला आणि छायाचित्र मंडळाच्या खोलीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या साऱ्यांनी एकदमच श्वास रोखून धरला. खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या. एरवी रविवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवरच्या या खोलीत आम्ही मोजकी मंडळी जमतो, आठवडाभरात काढलेले फोटो एकमेकांना दाखवतो, कोणी नवे तंत्र शिकले असेल तर ते इतरांना शिकवतो, प्रदर्शनांच्या बातम्या सांगतो आणि चहा गार झाल्याची कुरकुर करीत घरी जातो. त्या दिवशी मात्र जिन्यावरसुद्धा गर्दी होती. जन्मात कॅमेरा हाती न धरलेली माणसे होती. लेन्सचे झाकण न काढताच फोटो काढणारे आमचे काही सभासद मी त्यांतच धरते.

फोटोत माझी धाकटी जाऊ बसली होती. तिच्या डोक्याभोवती आणि खांद्यांवर साबणाच्या फुग्यांसारखे पांढरट गोल तरंगत होते. त्यांतला सर्वांत मोठा नेमका तिच्या उजव्या डोळ्यापाशी होता.

"आले!" तेजोनिधी पुटपुटले. "वहिनी, आपले यजमान आले. आपल्या अधू डोळ्यावर हात धरून उभे आहेत."

जाऊने पदर तोंडाला लावला. पुढच्या रांगेतले दंतवैद्य चष्मा सारखा करीत उठून पडद्याजवळ गेले.

"गोलात चेहरा दिसतोय हो! मिशासुद्धा दिसतायत!"

"भाऊजींना मिशा नव्हत्या," मी म्हणाले.

"तिकडे गेल्यावर वाढवल्या असतील," दंतवैद्यांनी गंभीरपणे खुलासा केला. या गृहस्थांच्या हाती आम्ही आमचे दात देतो.

तेजोनिधी हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केले होते. पूर्वी ते लग्नांत फोटो काढीत. जिवंत माणसे फोटोविषयी तक्रारी करतात आणि मृत करीत नाहीत, हे ध्यानात आल्यावर त्यांनी गिऱ्हाईक बदलले असावे. आमच्या मंडळात आल्या आल्या त्यांनी सांगून टाकले की, त्यांचा कॅमेरा गेलेल्यांचे तेज टिपतो. पद्धत ठरलेली. पडदे ओढायचे, दिवे मालवायचे, भक्ताला भिंतीशी बसवायचे. मग अंगावरची काळी शाल काढून ती भक्तासमोर जोरजोराने झटकायची. याला ते 'दिशा मोकळ्या करणे' म्हणत. दिशा मोकळ्या झाल्या रे झाल्या की फ्लॅशचा लखलखाट, आणि पितर हजर.

"फ्लॅश कशाला हवा?" मी एकदा विचारले होते.

"तेजाला तेजाचेच आमंत्रण लागते, माताजी."

"आणि शाल?"

"आपण पाहुण्यांना बसायला देण्याआधी खुर्ची झटकत नाही का?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही टाळीची जागा आहे हे त्यांना कोणी शिकवले, देव जाणे.

आमच्या मंडळाचा एक जुना नियम आहे. तो घालून दिला माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे याच भाऊजींनी. ज्याचा फोटो पडद्यावर असेल, त्याने तोंडातून अवाक्षर काढायचे नाही. इतरांनी बोलायचे, त्याने ऐकायचे. "फोटोला स्वतःला बोलता येत नसेल, तर तुमच्या वकिलीने तो सुधारणार नाही," असे ते म्हणत. या नियमाखाली मी माझा सर्वोत्तम बगळा गमावला आहे. त्याच्या मानेशेजारी धुळीचा एक बारीक ठिपका आला होता, आणि याच दंतवैद्यांनी "धूळ! धूळ!" म्हणून त्याला बाद केले होते. बगळ्याशेजारी आला तो दोष ठरला आणि विधवेशेजारी आला तो दीर ठरला. तेजोनिधींना मात्र हा नियम लागू नव्हता. "फोटो मी काढतच नाही, तेज काढते," असे म्हणून त्यांनी स्वतःला सोडवून घेतले होते, आणि आमच्या घड्याळजी सचिवांनी माना डोलावणाऱ्यांत आपलीही मान मिळवली होती.

त्यांची आणखी एक शिकवण होती. गेलेल्या माणसाची लेन्स घरात राहिली, तर म्हणे तेज तिच्यात अडकून पडते. तिला मुक्त करण्याचे अवघड काम ते स्वतःच्या घरी नेऊन करीत. स्वस्त लेन्समध्ये तेज अडकल्याचे मात्र कधी ऐकिवात आले नाही. भाऊजींची पक्ष्यांचे फोटो काढायची लांबलचक लेन्स अशीच मुक्तीला गेली. मी ते चालवून घेतले. दुःखात माणूस काय काय देऊन टाकतो, वस्तूच ती.

पण गोष्ट वस्तूवर थांबली नव्हती, हे मला घरी कळले.

माझी सून डोळ्यांची डॉक्टर आहे. जाऊच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे हे तिनेच शोधले आणि रोज घालायचे थेंब तिनेच लिहून दिले. जाऊच्या खोलीत ती सहज डोकावली, आणि कपाटातली थेंबांची बाटली हातात घेऊन बाहेर आली.

"काकू, हिचं सील अजून तसंच आहे. आणि दाराची चौकट तुम्हाला उजवीकडून सारखी लागतेय, ते मी बघतेय."

"आता थेंबांची गरज नाही गं. हे आहेत ना डोळ्यापाशी. तेजोनिधी म्हणाले, औषधानं तेज विझतं."

"काकू, डोळ्यातला दाब वाढला की कडेची नजर जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. आणि गेलेली नजर मला परत आणता येत नाही. कुणालाच येत नाही."

मी पुढे झाले. या घरात माझा शब्द खाली पडत नाही. "धाकटे, आत्ताच्या आत्ता थेंब घालून घे."

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिले. "जाऊबाई, तुमचं माणूस बाहेर बसून पेपर वाचतंय. मला एक गोल तरी राहू द्या."

मी माझ्या खोलीत गेले आणि, मन ताळ्यावर नसले की मी जे करते तेच करू लागले: साफसफाई. रविवारी पुढच्या रांगेत बसले असताना मांडीवर घेतलेला काळा कॅमेरा पिशवीतून काढला, तर त्याच्यावर पांढरा थर. संसारात मी इतकी धूळ झटकली आहे की रस्त्याची कोणती, गादीतली कोणती आणि खडूची कोणती, हे बोटाला कळते. ही त्यांतली कोणतीच नव्हती. मी बोट नाकाशी नेले. गुलाबाचा वास आला.

पितरांच्या आगमनाला अंगाला लावायची पावडर लागते, ही माहिती मला नवी होती.

पुढच्या रविवारी मी सुनेला बरोबर घेतले आणि सर्वांच्या आधी जाऊन बसले. जाऊ शेजारी होती. ती आली ती गोल पाहायला. पडद्यावर पुन्हा तिचाच फोटो लागला आणि तेजोनिधी उठले.

"भगिनींनो आणि बंधूंनो, हे जे तेज..."

"हा फोटो कोणी काढला?" मी विचारले.

"तेजाने, माताजी."

"मग तेजाला बोलू द्या. तुम्ही खाली बसा. आणि तुम्ही काढला असेल, तर नियमाप्रमाणे गप्प बसा. दोन्हीकडून बसायचंच आहे."

कोणीतरी फिस्कन हसले. सचिवांनी घसा खाकरला. "नियम आहे खरा. भाऊंचाच नियम." मोडून पडलेली घड्याळे चालू करणाऱ्या या माणसाचा कणा त्या दिवशी पहिल्यांदाच चालू झाला.

"आज नवं तंत्र मी शिकवणार आहे," मी म्हणाले. "विषय, धूळ. शाल द्या."

"शाल सिद्ध आहे, ती परक्या हाती..."

"द्या म्हटलं ना."

या स्वराला माझे सासरेसुद्धा उठून उभे राहत. तेजोनिधींनी शाल दिली.

पडदे ओढले, दिवे मालवले. मी शाल कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपासमोर झटकली आणि फ्लॅश टाकून फोटो काढला. पडद्यावर पिंप आले. त्याच्याभोवती इतके गोल होते की नळ दिसेना.

"अरे बापरे," अंधारातून सचिव म्हणाले, "पिंपाचं कोण वारलं?"

मग मी तीच शाल दंतवैद्यांच्या टकलासमोर झटकली. त्यांचे सारे घराणे उतरले. शेवटी तेजोनिधींसमोर झटकली. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर एक गोल बसला.

"आपण हयात आहात ना?" मी चौकशी केली.

"ही श्रद्धेची थट्टा आहे!" ते ओरडले.

"फोटो तुमचा आहे. मौन."

सुनेने खिडक्या उघडल्या, पंखा लावला, हवा स्वच्छ होऊ दिली. पुन्हा अंधार केला, पण शाल झटकली नाही. फ्लॅश टाकला; एकही पितर नाही. मग शाल झटकली, पण फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून सुनेच्या हाती दिला आणि तिला दूर, एका बाजूला उभे केले. मोठ्या मुश्किलीने एखादा पुसटसा गोल.

"ऐका," मी म्हणाले. "या शालीत पावडर आहे. झटकली की तिचे कण लेन्सच्या अगदी समोर तरंगतात. फ्लॅश लेन्सला चिकटून असला की त्याचा उजेड त्या कणांवर आपटून सरळ लेन्समध्ये परततो. कण इतका जवळ असतो की तो स्पष्ट येत नाही, पसरून गोल दिसतो. फ्लॅश बाजूला नेला, की तो उजेड लेन्समध्ये परतत नाही. हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. फ्लॅश लेन्सपासून दूर धरावा, हे याच खोलीत भाऊजींनी शिकवलं होतं."

दंतवैद्य टक्कल पुसू लागले आणि हाताला लागलेले पांढरे पाहत राहिले.

तेवढ्यात जाऊ उठली. तिने माझ्या हातातून शाल घेतली आणि तिचा वास घेतला. मग खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेली. भाऊजी तिथे बसत. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर कोणी बसलेले नाही. तिने माझा कॅमेरा मागितला, फ्लॅश पुन्हा त्याच्यावर बसवायला लावला, स्वतःच शाल झटकली, स्वतःच बटण दाबले.

पडद्यावर रिकामी खुर्ची आली. तिच्यावर, अगदी माणसाचे डोके असते त्याच उंचीवर, एक सुंदर गोल होता. जाऊ बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तिला थांबवण्याची आज्ञा मला देता आली असती. मी दिली नाही.

"पिंपावर बसला होता तोच हा," ती अखेर म्हणाली. मग ती तेजोनिधींकडे वळली. "ह्यांची लेन्स आजच्या आज घरी आली पाहिजे."

तो माझा स्वर होता. तिने तो कधी उचलला, मला कळलेही नव्हते.

लेन्स आली. पाठोपाठ इतरांच्याही आल्या. सचिव स्वतः जाऊन घेऊन आले. तेजोनिधी त्यानंतर दिसले नाहीत. शाल मात्र मंडळाकडे राहिली आणि हल्ली तिने फळा पुसतात.

घरी परतताना जाऊने सुनेला एवढेच विचारले, "थेंब घालताना डोळा आधी धुवायचा का गं?"

कडेची जी नजर गेली, ती गेली. आता मी तिच्या उजव्या बाजूने चालते. पुढच्या रविवारी तिने पडद्यावर भाऊजींचा, तिनेच कधीकाळी काढलेला एक जुना फोटो लावला. साध्या उन्हातला, हातात कप, ओठावर मिशी नाही, चेहऱ्याभोवती काहीही नाही. ती नियमाप्रमाणे गप्प बसली. कोणी काही बोलेना, तेव्हा तिनेच नियम मोडला. "बोला की. फोकस हलला आहे, मला माहीत आहे."

आपल्या माणसाची आठवण खरी असते. तिला पावडरीच्या पुराव्याची गरज नसते. आणि रोगाला औषध लागते, त्याचे ठिपक्यावर भागत नाही. तेव्हा वाचकहो, तुमच्यापुढे कोणी चमत्कार मांडला, तर हात जोडण्याआधी खिडकी उघडा, दिवा लावा आणि शाल मागून घ्या. देत नसेल, तर तेच उत्तर समजा.