कल्हई उतरवलेली कढई

काळं पडलेलं भांडं दिसलं की कल्हईवाल्या आजोबांना आपलीच अब्रू वेशीला टांगल्यासारखं वाटायचं. जन्मभर त्यांनी लोकांची भांडी अशी उजळली होती, की आत तोंड पाहून भांग पाडावा.

त्यांची सून शिवणकाम करायची. आताशा चार टाके घातले की ती भिंतीला टेकून डोळे मिटायची. पोटातल्या गाठीमुळे तिचं रक्त जात होतं. डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "रक्तातलं लोह वाढल्याशिवाय मी शस्त्रक्रिया करणार नाही." लोहाची पूर्ण गोळी पोटात टिकेना, म्हणून बाईंनी अर्धी सुरू केली. "गोळी सोडायची नाही. जोडीला पाल्याचा काढा घ्या. लिंबू पिळा आणि लोखंडाच्या कढईतच उकळा."

आजोबांनी त्याच दिवशी कढई आणली. रोज सकाळी ते आणि नात चिमणी शेवग्याचा पाला निवडत, मनुका कुटत.

"आजोबा, लिंबू किती पिळू?"

"अर्धं. आणि चाखून ठरवू नकोस, जीभ लबाड असते."

सून पेला तोंडाला लावी आणि तोंड वाकडं करी. "बाबा, हा काढा आहे की मला माहेरी पळवून लावायचा बेत?"

"पळायला अंगात रक्त लागतं, सूनबाई. आधी ते येऊ दे, मग खुशाल पळ."

ती हसे आणि हसता हसताच धाप लागून खाली बसे.

पुन्हा तपासणी झाली. रक्त जागचं हललं नव्हतं. डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "गाठ मात्र थांबलेली नाही."

दुसऱ्या दिवशी काढा ढवळताना चिमणीने विचारलं, "आजोबा, हा काळा का होत नाही? डॉक्टरबाई तर म्हणाल्या होत्या, लोखंडात लिंबू पडलं की काळपट होईल, घाबरू नका."

आजोबांचा हात थांबला. काढ्याच्या वर, कढईच्या आतल्या कडेवर त्यांचाच चेहरा लखलखत होता.

कढई घरात आली त्या दिवशी, चूल पेटण्याआधी, त्यांनी तिला कल्हई केली होती. डोक्याला विचारलंच नव्हतं. नवं भांडं हाती आलं आणि हात आपल्या वळणावर गेले.

"चिमणे, मी लोखंडाला अंगरखा चढवला गं. ते आतल्या आत कोंडून राहिलं. तुझ्या आईला नुसतं पाल्याचं पाणी पाजत बसलो."

"मग काढून टाका ना अंगरखा."

आजवर त्यांनी कल्हई चढवलीच होती. मुद्दाम उतरवली कधीच नव्हती. त्यांनी भट्टी पेटवली, कढई तापवली, वितळलेलं कथील कापसाने पुसून काढलं. मग वाळू घेऊन ते घासत बसले. मनगटं भरून आली. चिमणीने हात पुढे केला तेव्हा त्यांनी तिला जागा करून दिली.

काढा काळपट झाला. सुनेने पेल्यात पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "बाबा, तुमच्या घरात काळं भांडं?"

"असू दे. तू पी."

पुढच्या खेपेला रक्त थोडं वर आलं, त्यापुढच्या खेपेला आणखी थोडं. मग एक दिवस बाईंनी शस्त्रक्रियेची तारीख दिली.

त्या तारखेला सकाळी सुनेला आत नेलं. बाहेरच्या बाकावर चिमणी आजोबांना टेकून बसली. घाईत धुतलेल्या त्यांच्या नखांत कढईचा काळा राप तसाच राहिला होता. आजोबांनी आज तो लपवला नाही. त्याच हातात नातीचा हात घेऊन ते दाराकडे पाहत राहिले.