बिननंबरची

मी सायकल बोलतेय. घंटी वाजवून पाहिली, कुणी वाट दिली नाही, म्हणून आता तोंड उघडलं आहे.

रंग काळा, तोही आता निम्माच. चौकट पोलादी, वजन सतरा किलो, गियर नाहीत. माझ्या जन्माची कहाणी फार मोठी नाही. मी तुकड्यातुकड्यांनी एका खोक्यातून दुकानात आले आणि तिथल्या कारागिराने जेवणाच्या सुट्टीआधी अर्ध्या तासात मला जोडलं. त्याला भूक लागली होती. मागचा ब्रेक थोडा सैल राहिला.

माझा पहिला मालक एक जाडजूड गृहस्थ होता. डॉक्टरांनी त्याला व्यायाम सांगितला होता. त्याने मला अकरा दिवस चालवलं, बाराव्या दिवशी त्याची कंबर धरली, आणि मग चार वर्षं मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी होते. हँडलवर टॉवेल, सीटवर पायपुसणं, दांडीवर मोजे. आलेल्या पाहुण्याला तो माझ्याकडे बोट दाखवून सांगे, "मी सायकल चालवतो." माणसं कितीतरी गोष्टी अशा गॅलरीत ठेवूनच करतात.

त्याच मजल्यावर एक फिटर राहायचा. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रांचे साचे बसवणं हे त्याचं काम. कारखाना शहराबाहेर, नऊ किलोमीटरवर. तिकडे जाणारी बस बंद झाली. प्रवासी कमी, असं कारण छापून आलं. प्रवासी कमी का झाले, तर बस वेळेवर येत नव्हती. हे मात्र कुठे छापून आलं नाही. फिटरने शेजाऱ्याला विचारलं, "काका, ती सायकल तुम्ही वापरत नसाल तर..." काकांनी मोजे काढून घेतले आणि मला देऊन टाकलं.

फिटर सकाळी सात वाजता निघायचा. मी रस्त्याचं वर्णन करते. त्यात अलंकार शोधू नका, ही नोंद आहे.

पहिले दोन किलोमीटर दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. त्यातल्या कुठल्याही गाडीचं दार कुठल्याही क्षणी उघडतं आणि उघडणारा आधी बाहेर पाय टाकतो, मग मागे बघतो. पुढे उड्डाणपूल. त्यावर आम्हाला बंदी. पुलाखालून जायचं तर तिथे मोटारी उलट्या दिशेने येतात आणि वर फिटरलाच विचारतात, "दिसत नाही का रे?" पुलापलीकडे खास सायकलींसाठी रंगवलेला पट्टा आहे. लांबी चारशे पावलं. तो विजेच्या एका पेटीपाशी संपतो. संपतो म्हणजे वळत नाही की उतरत नाही, पेटीला जाऊन चिकटतो. त्याचं उद्घाटन झालं होतं म्हणे.

मग मोठा रस्ता. कडेला पाणी वाहून जायला लोखंडी जाळ्या बसवलेल्या. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच लांबवर गेलेल्या आणि दोन पट्ट्यांमधली फट माझ्या चाकाएवढी. आडव्या बसवल्या असत्या तर पाणी तेवढंच गेलं असतं. बसवणाऱ्याने पाण्याचा विचार केला होता. चाकाचा केला नव्हता, कारण तो स्वतः ट्रकमधून आला होता.

फिटर कारखान्यात पोचेपर्यंत त्याच्या पाठीवर सदरा चिकटलेला असे. तो पिशवीतून दुसरा सदरा काढी. बाकीचे कामगार म्हणत, "आले, शर्यतीचे घोडे आले." तो हसून म्हणे, "घोड्याला निदान खरारा तरी करतात रे."

कारखान्याच्या फाटकावर एक पहारेकरी होता. मिशांमुळे सगळे त्याला हवालदार म्हणत. पोलिसात तो एक दिवसही नव्हता, ठेकेदाराचा माणूस होता. त्याच्यापुढे एक यंत्र होतं. आत येणाऱ्या प्रत्येक वाहनाची नोंद त्यात व्हायलाच हवी. पर्याय तीनच होते: ट्रक, मोटार, मोटारसायकल.

"नंबर?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं.

"कसला नंबर? सायकल आहे ही, हवालदार."

"मला दिसतंय रे. याला दिसत नाही ना."

"मग सायकल असं लिही."

"कुठे लिहू? जागा दाखव, लिहितो. हे बघ, नंबर टाकल्याशिवाय लालच राहतंय."

"मग बाहेर लावतो."

"बाहेर लाव आणि संध्याकाळी नुसतं कुलूप घेऊन घरी जा. थांब जरा."

हवालदाराची एक मोटारसायकल होती, ती कधीच भंगारात गेली होती. नंबर मात्र त्याच्या तोंडपाठ होता. तोच त्याने टाकला. यंत्र हिरवं झालं.

"जा," तो म्हणाला. "आजपासून तू माझ्या फटफटीवर बसून येतोस. मला सलाम ठोकत जा."

दोन वर्षं हे चाललं. रोज सकाळी हवालदार तेच आकडे टाकी, यंत्र हिरवं होई आणि मी पत्र्याच्या शेडखाली मोटारसायकलींच्या रांगेत उभी राही. कुणाचंही काही बिघडलं नाही. दयाळूपणाने केलेला खोटेपणा असाच असतो. बिघडेपर्यंत तो फार छान चालतो.

अपघात साधा होता. सकाळची वेळ, साडेसात. मागून पाण्याचा टँकर आला आणि त्याने भोंगा असा काही वाजवला की फिटर दचकून कडेला झाला. माझं पुढचं चाक जाळीच्या फटीत गेलं. मी थांबले, फिटर थांबला नाही. टँकरने आम्हाला स्पर्शही केला नव्हता. तो निघून गेला. माझी रिम वाकली, फिटरच्या गुडघ्याची वाटी फुटली. एका भाजीवाल्याने त्याला रिक्षात घातलं आणि मला एका झाडाला टेकवून ठेवलं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं गेलं: रस्त्यावर पडून दुखापत. खरंच होतं.

सहा आठवडे अंथरूण. कारखान्याचा नियम असा होता की कामावर येताना अपघात झाला तर ते दिवस कामाचेच धरायचे. पण वाहन बिनपरवाना चालवलं असेल तर ती गैरहजेरी. आणि सलग तीस दिवस गैरहजर राहिलं तर नाव कमी. फिटरने अर्ज केला. उत्तर आलं की फाटकावरील नोंदीनुसार आपण मोटारसायकलने येत होता, आपल्याकडे परवाना नाही, सबब सुनावणीस हजर राहून खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास नाव कमी करण्यात येईल.

फिटरने पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी दाराशी वाकड्या चाकाने उभी होते.

"मोटारसायकल म्हणे," तो बायकोला म्हणाला. "आख्ख्या आयुष्यात कधी बसलो नाही मी फटफटीवर."

फिटरची बायको शाळेच्या बसवर मावशी होती. रोज चाळीस मुलं चढवायची, चाळीस उतरवायची. तिचा आवाज दोन चौक ऐकू जायचा.

"सुनावणीला मी जाते," ती म्हणाली. "आणि हिलाही नेते."

"भांडू नकोस हं."

"भांडायला कुठे चालले? दाखवायला चालले."

तिने टेम्पोत घालून मला फाटकापर्यंत आणलं. हवालदाराला साक्षीसाठी वर बोलावलं होतं, त्याच्या जागी नवा माणूस होता. त्याने मला बघितलं, यंत्राला बघितलं आणि वर फोन लावला.

"साहेब, फिटरच्या बाई आल्यात. सायकल आणलीय. नंबर नाही. यंत्र घेत नाही."

रस्त्याच्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून त्याने फोनचा आवाज मोठा ठेवला होता. साहेबांचा आवाज आम्हाला दोघींना ऐकू आला. "अरे, टाक काहीतरी! शून्य शून्य शून्य एक टाक आणि पाठव वर. इथे सगळे खोळंबलेत."

नव्या माणसाने टाकलं. यंत्रातून चिठ्ठी निघाली. बाईने ती वाचली, घडी केली आणि ब्लाउजमध्ये खोचली.

मी आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टमध्ये बसले. साहेबांच्या खोलीत गालिचा होता. माझ्या वाकड्या चाकाला जाळीतला चिखल अजून होता. तो गालिच्याला लागला. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

साहेब कामगार विभागाचे. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसांशी भांडता येतं. हे कागदाशी प्रामाणिक होते.

"बाई, पाचशे बारा दिवसांच्या नोंदी आहेत," ते म्हणाले. "रोज मोटारसायकल. रोज तोच नंबर. आम्ही चौकशी केली. ती गाडी भंगारात निघालेली आहे. म्हणजे परवाना नाही तो नाहीच, वर गाडीही बेकायदा."

"साहेब, आमच्याकडे मोटारसायकल नाही."

"नोंद तसं म्हणत नाही."

"आणि ही कोण?" तिने माझ्या सीटवर हात ठेवला.

"ही सायकल आहे. आज तुम्ही आणलीत. त्या दिवशी हीच होती याला पुरावा काय?"

हवालदार भिंतीपाशी टोपी हातात घेऊन उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं, "तुम्ही रोज नोंद करत होता. हे मोटारसायकलनेच येत होते ना?"

हवालदाराने टोपी उलटी केली. त्याचं वय अठ्ठावन्न. खोटी नोंद केली म्हटलं तर नोकरी जाणार, नाही म्हटलं तर फिटरची जाणार. तो टोपीच्या आतल्या शिवणीकडे बघत राहिला.

बाईने ब्लाउजमधून चिठ्ठी काढली आणि साहेबांच्या टेबलावर उलगडून ठेवली.

"साहेब, पाच मिनिटांपूर्वी मी मोटारसायकल घेऊन आत आले. हे बघा, वाहन मोटारसायकल, नंबर शून्य शून्य शून्य एक. माझ्याकडेही परवाना नाही. माझ्यावर कारवाई करा. आणि ही मोटारसायकल लिफ्टमधून वर आणू दिली म्हणून लिफ्टवाल्यावरही करा."

कोपऱ्यात जबाब लिहून घेणाऱ्या कारकुनाला खोकला आला. त्याने तो लांबवला.

"ती वेगळी गोष्ट आहे," साहेब म्हणाले. "ती तातडीची व्यवस्था होती."

"माझ्या नवऱ्यालाही रोज आठला पोचायची तातडीच असायची."

हवालदाराने टोपी डोक्यावर घातली. "साहेब, नंबर माझा आहे. माझ्या जुन्या गाडीचा. तो दोन वर्षं मीच टाकतोय. फिटर याच सायकलने यायचा. दुसऱ्या कशानेही नाही." एवढं बोलून त्याला घाम फुटला. तरी पुढे म्हणाला, "लिहून घ्या. सही करतो."

आठवड्याने फिटरला पत्र आलं. अपघात कामावर येताना झाला हे मान्य, सर्व दिवस कामाचे. त्याच दिवशी हवालदाराला कामावरून काढलं, कारण खोटी नोंद. शून्य शून्य शून्य एक ही नोंद आजही त्या यंत्रात आहे. तिच्याबद्दल कुणालाही पत्र गेलं नाही. मी तपास केला असता, पण मला पाय नाहीत, चाकं आहेत, आणि त्यातलं एक तेव्हा वाकडं होतं.

फिटरचा गुडघा आता पुरता वळत नाही. तो एका सोबत्याच्या स्कूटरवर मागे बसून जातो. बाईने माझी रिम बदलून घेतली, ब्रेक आवळून घेतला आणि मला हवालदाराच्या दाराशी नेऊन उभं केलं.

"मला कशाला?" तो म्हणाला. "तीस वर्षांत पायडलवर पाय ठेवला नाही मी."

"भाऊ, तुम्ही फाटक राखायचं सोडून आमचं घर राखलंत. आता नवीन कामावर चालत जाणार का?"

नवीन काम लवकर मिळालं नाही. मिळालं तेव्हा ते एका गोदामाच्या फाटकावर, अकरा किलोमीटर लांब. पहिल्या दिवशी मोठ्या रस्त्यावर त्याच्या मागे ट्रक आला तेव्हा तो माझी घंटी वाजवतच सुटला, जणू ट्रकला ती ऐकू जाणार होती. जाळीपाशी तो उतरला. पट्ट्या तशाच होत्या. त्याने मला उचलून पलीकडे ठेवलं आणि कुणाला तरी एक सणसणीत शिवी दिली. कुणाला ते कळलं नाही. यादी मोठी आहे.

गोदामाच्या फाटकावरही तसंच यंत्र आहे. तेच तीन पर्याय. दुसऱ्या आठवड्यात खोकी बांधणारी एक मुलगी सायकलवरून आली.

"काका, टाका ना काहीतरी. सगळीकडे टाकतात."

"नाही. खोटं टाकणार नाही."

"मग मी काय करू?"

"बाहेर लाव. माझीही बाहेरच आहे."

"काय खडूस माणूस आहे," आपली सायकल मला टेकवून लावताना ती पुटपुटली. त्याला ऐकू गेलं. त्याने मिशी नीट केली.

तर मी सध्या कुंपणाबाहेर आहे, शेजारी एक निळी सायकल आहे. मला आत घ्या असं मी म्हणत नाही. पत्र्याच्या शेडचं मला कौतुक नाही. तुमच्यापैकी जो कुणी अशा यंत्रांमध्ये पर्याय भरतो, जाळ्यांच्या पट्ट्या कुठल्या दिशेला ठेवायच्या ते ठरवतो, त्याला एवढंच सांगायचं आहे की आम्ही आहोत. रोज सकाळी, सातपासून. एकदा आमच्यावर बसून या, मग काय ते ठरवा. दया नको. दयेने माझ्या एका मालकाची नोकरी जाता जाता वाचली आणि दुसऱ्याची गेली.

हवालदार दर तासाला बाहेर येतो. दोन्ही कुलपं ओढून बघतो. मग आत जाऊन यंत्राशेजारी ठेवलेल्या स्वतःच्या वहीत पेनने लिहितो: बाहेर सायकली दोन. ती वही त्याला कुणी मागितलेली नाही आणि अजून कुणी वाचलेलीही नाही. तो खाली सही करतो, वेळ टाकतो आणि पुन्हा फाटकावर जाऊन उभा राहतो.