मोकळी दिसणारी जागा

“थांब! रविराज, थांब म्हणतो ना! मागं घे गाडी!”

सोपानराव चहाचा कप खिडकीत टेकवून धावले. फोर्कलिफ्टवर पोलादी पत्र्याची जाडजूड कॉइल होती आणि पुढची चाकं सी-पंधरा नंबरच्या पिवळ्या पट्टीवर चढली होती.

रविराजने ब्रेक दाबला. “मी काय मनानं आलोय का, नाना? स्कॅनर सांगतंय सी-पंधरा. हे बघा.”

“तिथं काही ठेवत न्हाईत, ठावं न्हाई तुला?”

“ठावं हाय की. देवाची जागा. पण वरून देवाची बदली केली वाटतं!” रविराज हसला.

सोपानराव हसले नाहीत. गाडी मागे गेली, चाकं पट्टीवरून उतरली, आणि फरशीखाली काहीतरी निसटलं. पाण्यात ढेकूळ पडावं तसा आवाज आला. पण आला फार उशिरा, फार खालून. इंजिनाच्या घरघरीत रविराजला तो ऐकू गेला नाही.

चाकणच्या या कारखान्यातलं गोदाम सोपानराव सांभाळत होते. गोदाम मोठं असलं की कुठला माल कुठे ठेवायचा हे माणसाच्या ध्यानात राहत नाही, म्हणून संगणकात कंपनीची मूळ माहिती भरून ठेवलेली असते: वस्तूंची नावं, त्यांचे नंबर, कोणती जागा वापरायची, कोणती बंद. त्यालाच मास्टर डेटा म्हणतात. एकदा ही माहिती भरली की संगणक तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो आणि दिवसभर चालकांच्या हातातल्या स्कॅनरवर हुकूम सोडतो. आजवर ही माहिती ज्या-त्या कारखान्याच्या हाती होती. या महिन्यापासून ती बाणेरच्या मुख्य कार्यालयाने आपल्याकडे घेतली. सोपानरावांना आता ती नुसती दिसत होती. बदलता येत नव्हती.

सी-पंधराच्या खाली विहीर होती, सोपानरावांचे वडील सोनबा यांनी खोदलेली. जमीन कारखान्यात गेली आणि बदल्यात मुलाला नोकरी लागली. पुढे गोदाम वाढवताना ठेकेदाराने घाईघाईत विहिरीत राडारोडा लोटला आणि वर काँक्रीट ओतलं. थोड्याच दिवसांत फरशी खोलगट झाली. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, “कागदावर नको आणू, सोपान. गोदाम बंद पडेल. तेवढी जागा बंद ठेव, कारण काहीतरी टाक.” सोपानरावांनी कारण टाकलं, देवाची जागा. मग खंडेनवमीला तिथे नारळ फुटू लागला. नव्या माणसाला जुना माणूस सांगे, इथे माल ठेवायचा नाही. का, ते सांगत नसे. आणि देवाचं म्हटल्यावर कुणी विचारतही नसे. युक्ती इतकी छान चालली, की खाली विहीर आहे हे सोपानराव सोडून सगळे विसरले.

त्यांनी बाणेरला फोन लावला. माहितीचं काम तेजस्विनी नावाची मुलगी बघत होती.

“काका, मी ती जागा मुद्दाम उघडली,” ती म्हणाली. “तळेगावच्या प्लांटमध्ये निम्म्या जागा अशाच बंद होत्या. कुठे देव, कुठे कुणा साहेबाची गाडी. आणि माल ठेवायला बाहेर भाड्याची शेड घेतलेली. म्हणून आता खरं कारण असल्याशिवाय काही बंद ठेवायचं नाही, असं ठरलंय. तुमच्याकडे खरं कारण आहे का?”

सोपानरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“काका?”

“जमीन पोकळ हाय, पोरी. खाली विहीर हाय.”

ती हलक्या आवाजात म्हणाली, “आणि हे इतकी वर्षं कुठेच लिहिलं नाही? तुम्ही रजेवर असता तर?”

सोपानरावांनी खिडकीतला गार झालेला चहा बाजूला सरकवला.

“मेल करा. मी लगेच बंद करते. पण बदल सगळ्या प्लांटना रात्री एकदम जातो, तोवर स्कॅनर ती जागा मोकळीच दाखवेल. आणि काका, असं कारण आलं की मला ते सेफ्टी खात्याला कळवावंच लागतं.”

सोपानरावांनी सगळं सांगितल्यावर प्लांट मॅनेजर शेखर केबिनचं दार लावून घेत म्हणाले, “नाना, कशाला लिहिताय? सेफ्टी आली की अख्खं गोदाम रिकामं करतील. माल तळेगावला जाईल. कंत्राटी माणसं घरी बसतील, आणि ती सगळी तुमच्याच गावची. पोरांना तोंडी सांगून ठेवा ना. आजवर चाललंच की.”

“आजवर तोंड माझं चालत होतं, साहेब. आता स्कॅनरचं चालतं.”

“मग तुमचं तुम्ही बघा. मला विचारून लिहिलं असं म्हणू नका.”

सोपानराव टेबलाशी बसले. एका बोटाने, अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं: सी-पंधराखाली जुनी विहीर आहे. नीट भरलेली नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं. शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं, पुन्हा लिहिलं आणि मेल पाठवून दिला.

मग स्टोअरमधली लोखंडी खुर्ची उचलून त्यांनी ती सी-पंधराच्या तोंडाशी, पट्टीच्या अलीकडे ठेवली आणि बसले. दुसऱ्या शिफ्टची पोरं नवी होती. दोरी बांधली तर सोडतील, पाटी लावली तर सरकवतील. म्हाताऱ्या माणसाला मात्र गाडी घालणार नाहीत.

बातमी कँटीनमार्गे यायला वेळ लागला नाही. रविराज समोर येऊन उभा राहिला.

“गोदाम बंद करताय म्हणं, नाना? मी आत्ताच भोसरीत खोली घेतलीय.”

“तुझ्या चाकाखाली काय होतं ते लिहून दिलं.”

“म्हणजे इतकी वर्षं आमी विहिरीवर उभं राहून नारळ फोडत होतो?”

“व्हय.”

“आणि तुमाला ठावं होतं.”

“व्हय.”

रविराज हेल्मेट काखेत मारून गेला. त्याच्यामागून पहिल्या शिफ्टची पोरं एकेक करून गेटकडे गेली. रोज जाताना प्रत्येकजण “येतो, नाना” म्हणायचा. आज कुणी मान वळवली नाही.

झाडलोट करणारी गिरजाबाई फरशी पुसत पुसत खुर्चीपाशी आली. तीही कंत्राटावरच होती. तिने पिळलेलं फडकं बादलीच्या काठावर ठेवलं.

“उद्यापास्नं आमाला गेटवर आडवतील का वो?”

“उद्या न्हाई. पण आडवतील, गिरजाबाई.”

तेवढ्यात एक फोर्कलिफ्ट कॉइल घेऊन वळली आणि त्यांच्या रोखाने येऊ लागली. चालवणारा पोरगा हातातल्या स्कॅनरकडे बघत होता. त्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला. सोपानराव खुर्चीवरून उठले नाहीत.

गिरजाबाईने बादलीतलं पाणी बाजूच्या नालीत ओतलं, बादली त्यांच्या खुर्चीशेजारी पालथी घातली, आणि पदर सावरून तिच्यावर बसली.