मोजून आणलेलं उत्तर

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आमच्या घराचं पोट दातांवरच भरत आलंय. आमचे हे खोटे दात बनवतात. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, त्यात प्लास्टर ओतून आम्ही साचा काढतो, त्या साच्यावर हे दात घडवतात, भट्टीत भाजतात आणि शेवटी मशीनवर घासून त्यांना चकाकी आणायचं काम माझं. पुढच्या दोन खोल्यांत कारखाना आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. प्लास्टरची धूळ मात्र चारही खोल्यांत सारखीच.

ह्यांना मी मापाडी म्हणते, तोंडावर म्हणते. दाताला केसाएवढा फरक पडला तरी ह्यांच्या गळ्याखाली घास उतरत नाही, आणि बोलण्याचंही तेच. दात परवा मिळतील का असं कुणी विचारलं तर दुसरा माणूस ‘मिळतील की’ म्हणून मोकळा होईल. हे म्हणणार, ‘भट्टी नीट चालली तर.’ लग्न ठरताना माझ्या मावशीनं ह्यांना विचारलं होतं, मुलगी पसंत आहे ना? हे म्हणाले, अजून ओळख कुठे झालीये. मावशी जाईपर्यंत ते विसरली नाही.

मी तशी नाही. समोरच्याला बरं वाटेल ते मी बोलते, त्यात माझं काय जातं? पोर लहान असताना तिला सुई टोचायला न्यायचं झालं की मी सांगायची, अजिबात दुखत नाही. हे सांगायचे, दुखेल, पण लगेच थांबेल. आणि पोर हात धरायची तो ह्यांचा. नऊ महिने वाहिलं मी, आणि हात बापाचा! मला तेव्हा राग यायचा आणि खरं सांगते, अजूनही येतो.

एकुलती एक लेक आमची. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढायची. कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप गेलाय ते तिला तोंडपाठ. स्वभाव बापाचा, नाक माझं. तिच्या रक्तातच काहीतरी बिघडलं. केस गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. मग एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं. आता जे औषध देऊ ते फक्त दुखणं कमी व्हावं म्हणून, असं ते म्हणाले. ह्यांनी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, थोडे. पहिल्यांदाच ह्यांनी नेमकं माप मागून घेतलं नाही.

पोरीला कुणी काही सांगितलं नाही, पण ती काय कुकुलं बाळ होती? तिला कळायचं ते कळलं. एका दुपारी हॉस्पिटलात मी तिच्या खाटेशी बसून सफरचंद सोलत होते, हे खिडकीपाशी उभे होते. ती छताकडे बघत म्हणाली, “बाबा, नंतर काही असतं का? म्हणजे कुणी असतं का तिथं?”

मी हातातली सुरी खाली ठेवली आणि म्हटलं, असतं की, देव असतो, तो काय आपल्याला सोडतोय होय. ती हसली. “आई, तू हो म्हणणारच गं. तुझ्या हिशेबी सुईसुद्धा दुखत नाही. मी बाबांना विचारतेय.”

आणि हा शहाणा माणूस काय म्हणाला? “मला माहीत नाही. बघून सांगतो.”

बघून सांगतो! एखाद्या गिऱ्हाइकानं दाढेची चौकशी करावी तसं. मी ह्यांना बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं आणि असं काही फैलावर घेतलं की पलीकडची सिस्टर हातातलं काम सोडून बघायला लागली. हो म्हणायला जीभ झडत होती का, म्हटलं. पोर मरणाच्या दारात उभी आहे आणि तुम्हाला खरंखोटं सुचतंय? हे म्हणाले, “तिनं मला विचारलं ते मी खोटं बोलत नाही म्हणून. मग मीच खोटं बोललो तर तिनं विचारायचं कुणाला?” मी पुढे भांडले नाही. आत जाऊन उरलेलं सफरचंद सोललं.

तेव्हापासून हे देव शोधायला लागले. देवळात नाही हां. देऊळ, प्रार्थना, बाबा-महाराज, ह्यातलं काहीच ह्यांना लागत नव्हतं. ह्यांना लागत होतं माप. फार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी ह्यांना शिकवलं होतं की समोरचे दात सुंदर दिसायचे तर त्यांचं एक ठरलेलं प्रमाण असतं. समोरून बघितलं की मधला दात शेजारच्याहून जितक्या पट रुंद, तितक्याच पट तो शेजारचा सुळ्याहून रुंद दिसला पाहिजे. दीडपटीहून थोडं जास्त. त्याला सुवर्ण गुणोत्तर म्हणतात, आणि हेच प्रमाण फुलांत, शंखांत, सगळ्या सृष्टीत आहे, असं ते डॉक्टर म्हणाले होते. हे जन्मभर त्याच मापानं दात घडवत आले. आता ह्यांच्या डोक्यात आलं की फुलाला कुणी शिकवलं नाही, शंखाला कुणी शिकवलं नाही, माणसाच्या तोंडाला कुणी शिकवलं नाही, आणि तरी तिन्हीकडे एकच माप निघत असेल, तर माप लावणारा कुणीतरी असलाच पाहिजे. आणि तसा तो असेल तर पोरीला छातीठोकपणे सांगता येईल.

झालं. हॉस्पिटलच्या बागेत हे पाकळ्या मोजत बसायला लागले. तीन, पाच, आठ, तेरा, म्हणजे मागच्या दोन आकड्यांची बेरीज करत गेलं की पुढचा आकडा मिळतो, शेजारच्या दोन आकड्यांचं प्रमाण तेच दीडपटीहून थोडं जास्त येतं आणि फुलं ह्याच आकड्यांत फुलतात म्हणे. काही फुलायचीही तशी. पण कुंपणाशी एका झुडपाला चारच पाकळ्यांची फुलं होती, त्यापुढच्या वाफ्यात सहा पाकळ्यांची. माळ्यानं दोनदा हटकलं. मग शोभेच्या वस्तूंच्या दुकानातून शंख आणले, आमच्या मशीनवर उभे चिरले आणि आतले वेढे मोजले. वेढे वाढत होते अगदी शिस्तीत, पण माप वेगळं. मी म्हणाले, जवळपास आहे ना, मग म्हणा बरोबर आहे! तर म्हणे, जवळपास म्हणजे नाही.

इकडे पोर दिवसेंदिवस सुकत चाललेली. जाग आली की विचारायची, बाबा कुठेत? मी सांगायची, येताहेत, औषध आणायला गेलेत. तिला सगळं माहीत होतं. म्हणायची, “शोधू दे गं त्यांना.” त्या दोघांच्या मधे मी आपली ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसत बसलेली. संताप कुणावर काढायचा तेही कळेना. देवावर काढावा तर तो आहे की नाही हेच अजून ठरायचं होतं.

माझं घराकडे लक्ष नव्हतं म्हणून वन्सं, म्हणजे ह्यांच्या बहीणबाई, मदतीला येऊन राहिल्या होत्या. बाई मनानं सोन्यासारखी, पण हाताला चैन नाही. दुसऱ्याच्या घरातली कपाटं लावल्याशिवाय तिला अन्न पचत नाही. तिनं घर आवरलं, आणि घर संपलं तेव्हा कारखाना आवरला.

मग एका दुपारी, भेटायच्या वेळेला, हे आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली, हातात कापडी पिशवी आणि चेहरा असा की लग्नातही मी तो बघितला नव्हता. पोर जागी होती. ह्यांनी पिशवीतून प्लास्टरचे साचे काढून तिच्या पांघरुणावर एकापुढे एक मांडले.

फुलांचं सोड, शंखांचं सोड, म्हणाले, माणसातच आहे ते! आठवडाभर खालच्या फळीवरचे साचे मोजत होतो, काही जमेना, आशा सोडली होती. मग काल मधली फळी घेतली, आणि एकात आलं, दुसऱ्यात आलं, मोजत गेलो तसं येतच गेलं. वेगवेगळी माणसं, कुणी कुणाचं नातेवाईक नाही, आणि प्रत्येकाच्या तोंडात तेच माप, केसाचाही फरक नाही. “अगं, हे आपोआप होत नाही. कुणीतरी बसून मोजून केलंय हे.”

पांघरुणावर कलंडलेल्या एका साच्याचं बूड मला दिसलं आणि सगळा उलगडा झाला. कुणीतरी बसून मोजूनच केलेले होते ते दात. ह्यांनीच केलेले. तयार दात बसवून झाले की डॉक्टर आणखी एक ठसा पाठवतात, त्याचाही साचा आम्ही ठेवतो, म्हणजे उद्या दात तुटला तर तसाच पुन्हा करता येतो. ते साचे मी माळ्यावर वेगळे ठेवते. खालच्या फळीवर असतात ते माणसांचे स्वतःचे दात. वन्संनी माळा आवरला आणि ते सगळे साचे मधल्या रिकाम्या फळीवर आणून नीट ओळीत लावले. प्लास्टरमध्ये काय, खरा दात आणि केलेला दात सारखेच पांढरे. आणि ज्याचा दात ओळखू येत नाही तोच खरा कारागीर, असं हेच तर सांगतात! इतर वेळी त्यांनी दुरूनही ओळखलं असतं. पण ते दिवस इतर वेळचे नव्हते.

मला कळलं ते बुडावरून. तयार कामाच्या साच्याच्या बुडाला मी सुरीनं दोन रेघा ओढते. हे दात बघतात, बूड बघत नाहीत. ती खूण ह्यांना ठाऊकही नाही. पण लहानपणी शाळेतून आली की त्या रेघा ओढायचं काम पोरीकडे असायचं.

तिनं एक साचा उचलला. जड झाला तिला, दोन्ही हातांनी धरला. तिचा अंगठा बुडावरून फिरला आणि थांबला. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. बोलणार तरी काय, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“सगळ्यांत आलं, बाबा?”

“सगळ्यांत.”

“म्हणजे आहे.”

“आहे,” हे म्हणाले. ‘जर’ नाही, ‘तर’ नाही, नुसतं ‘आहे’. आणि खुर्चीत बसून, तिच्या पांघरुणात तोंड खुपसून हा माणूस लहान मुलासारखा रडला. ती त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. किती रात्रींची झोप तुंबली होती कोण जाणे, ते तसेच झोपी गेले.

ते झोपले ह्याची खात्री करून ती मला हळूच म्हणाली, “त्यांना सांगू नकोस हं, कधीच. मी गेल्यावर त्यांना लागेल ते.”

“आणि तुला गं?” मी म्हटलं.

“मला आता विचारायला कुणी उरलं नाही, आई.”

आणि मी काय केलं, तर जन्मभर करत आले तेच. तिचा हात धरून सांगत सुटले की आहे गं, देव आहे, खरंच आहे, शपथ घेऊन सांगते आहे. ती ‘हो हो’ म्हणाली आणि माझा हात थोपटायला लागली. मी तिला समजवायचं, तर तीच मला समजावत होती.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. औषधाच्या झोपेतच गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतात, पोरीनं एकच गोष्ट मागितली होती आणि ती तिला वेळेत देता आली, शांत मनानं गेली. लोक डोळे पुसतात. मीही पुसते. हे जेवतात, कामाला बसतात, दात पूर्वीसारखेच सुरेख घडवतात. मी एकदा हे बाहेर गेलेले बघून सगळे साचे खाली काढले आणि मशीनवर एकेकाचं बूड घासून त्या रेघा पुसून टाकल्या. त्यातल्या कितीतरी तिच्या हातच्या होत्या. आता कुठले दात माणसांचे स्वतःचे आणि कुठले आमच्या ह्यांचे, ते मलाही सांगता येणार नाही.

संध्याकाळी हात धुऊन बसलो की हे कधीकधी मला विचारतात, ती तिथं नीट असेल ना? मी म्हणते, असेल की, न असायला काय झालं. त्यांचा लगेच विश्वास बसतो. तिचा माझ्यावर कधी बसलाच नाही.