मला कौल लावू नका

मी कवठे येमाईची घंटा बोलतेय, पण अजून कवठ्याला पोचलेली नाही. दौंडहून शिरूरकडे निघालेल्या एस्टीत भागुबाईच्या मांडीवर बसले आहे. गोणपाटात गुंडाळलेली, आणि मुकी. माझी लोखंडी जीभ माझ्या जागी नाही. ती का नाही, हेच सांगायचं आहे.

मला वाटलं होतं, मी घरी परतेन तेव्हा अभ्यासाची एक नवी खोली माझी वाट बघत असेल. मला दारावर अडकवतील, कोणीतरी दोरी ओढेल आणि वस्तीतल्या पोरी दप्तरं सावरत पळत येतील. झालं ते असं की मला दौंड स्टेशनाबाहेर लॉटरीच्या ठेल्याला टांगलं. डावीकडे रंगीत तिकिटांच्या माळा, उजवीकडे पाटी : 'आज तिकीट, उद्या लखपती'. माझ्या ठोक्यावर माणसं पळत आली खरी, पण त्यांच्या हातात दप्तर नव्हतं.

माझा जन्म आधी सांगते. त्याशिवाय हा धक्का एवढा मोठा का, ते कळायचं नाही.

माझं पितळ मूळचं देवघरांतलं. कवठ्याच्या आमच्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली, त्या वर्षी भागुबाई टोपली घेऊन घरोघर फिरली. ती तेव्हा तरणी होती. कोणी समई दिली, कोणी निरांजन, कोणी वीतभर उंचीची मूर्ती. धुरपदा नावाची एक म्हातारी मात्र मूर्ती पदराखाली धरून बसली. "भागे," ती म्हणाली, "हिला कौल लावल्याबिगर मी कवा पेरणीला दाणा दिला न्हाई."

कौल म्हणजे काय, ते मला अंगानं ठाऊक आहे. देवाच्या दोन खांद्यांवर दोन ओली फुलं चिकटवायची आणि वाट बघत बसायचं. उजवीकडचं आधी पडलं तर काम होणार, डावीकडचं पडलं तर नाही. किती पिढ्यांनी अशी माझ्या अंगाकडे टक लावली, कोण जाणे.

भागुबाई तिच्याजवळ बसली. "आत्ये, उजवा पडला तवा तू कुठं हुतीस?"

"दुसऱ्याच्या रानात खुरपायला."

"आन् डावा पडला तवा?"

म्हातारी हसली. "तवाबी तिथंच की गं, रांडे." आणि तिनं मूर्ती स्वतःच्या हातानं टोपलीत ठेवली.

ते सगळं पितळ औरंगाबादच्या एका ओताऱ्याच्या मुशीत वितळलं आणि मी झाले. गावात तेव्हा मला टांगायला जागा नव्हती. म्हणून तिथल्याच एका वसतिगृहानं मला ठेवून घेतलं. "तुमची खोली झाली की घेऊन जा," असं ठरलं.

माझं शिक्षण तिथं झालं. पहाटेचा ठोका कसा द्यायचा, जेवणाचा कसा, अभ्यासाचा कसा, ते मी शिकले. मुलं कंदिलाभोवती मोठ्यानं वाचायची, ते मीही ऐकत होते. एकदा गणित सुटेना म्हणून एक मुलगा माझ्याखाली येऊन रडला, आणि पुढच्या वर्षी तोच मुलगा दुसऱ्याला तेच गणित समजावत बसला. जगात काही मिळवायचं तर ते असंच मिळतं, ही माझी खात्री झाली. वसतिगृहाचा शिपाई दर दिवाळीला माझ्या जिभेच्या चामडी वादीला तेल लावायचा. म्हणायचा, "वादी जपा. वादी तुटली की घंटा म्हणजे नुसतं भांडं."

मग कितीतरी वर्षांनी एक दिवस भागुबाईचा मुलगा चांगदेव मला न्यायला आला. तो दौंडला रेल्वेत फिटर. अंगाला तेलाचा वास, बोलण्यात अदब. त्यानं शिपायाला सांगितलं, "भिंती उभ्या हायेत. पत्रं पडलं की पोरी अभ्यासाला बसतील. चौथीनंतर घरी बसवत्यात त्यास्नी." मनमाडहून गाडी बदलून आम्ही दौंडला निघालो. वाटेत तो मला मांडीवर घेऊन बसला होता. मला त्या मुलाचा फार अभिमान वाटला. हे मी अजूनही मागे घेत नाही.

दौंडला उतरल्यावर त्याला लगेच कामावर जायचं होतं. स्टेशनाबाहेर हौसरावांचा पानाचा ठेला होता, ओळखीचा. चांगदेव म्हणाला, "मामा, ही दोन दिवस ठिवा. पत्र्याच्या गाडीसंगं कवठ्याला न्यायची हाय."

पण त्याच दिवशी पानाचा ठेला लॉटरीचा ठेला होणार होता. सरकारनं लॉटरी सुरू करून काही वर्षं झाली होती आणि आता ती गावोगाव पोचवायची होती. हौसरावांना परवाना मिळाला होता. फीत कापायला एक साहेब आले, संगती एक जमादार. साहेब चांगलं बोलत होते. "हा जुगार नव्हे," ते म्हणाले. "जुगाराला कायद्यानं बंदी आहे. हे विकासाचं काम आहे. या पैशातून शाळा होतील, दवाखाने होतील. आज दौंड, उद्या शिरूर, परवा तळेगाव ढमढेऱ्याचा बाजार."

गर्दीत जालिंदर उभा होता. आकडा लावून घ्यायचा त्याचा धंदा. आदल्याच दिवशी जमादारानं त्याची गचांडी धरून त्याला चौकातून फिरवलं होतं. तो हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "जमादार, माझ्याबी चिठ्ठीवर येक शिक्का मारा की! मीबी इकास करतो!"

सगळे हसले. जमादारही हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी एक तिकीट विकत घेतलं आणि "घंटा वाजवा" म्हणाले. हौसरावांनी मला गोणपाटातून काढून टांगलं आणि दोरी ओढली.

परत आल्यावर माझा पहिला आवाज हा असा निघाला. मी स्वतःला सांगितलं, शाळेसाठीच म्हणतायत ना? साहेब खोटं कशाला बोलतील? मी तेव्हा इतकी भोळी होते.

दोन दिवसांचे आठवडे झाले. ठेल्यावर माझ्याखाली कोण येत नव्हतं? हमाल, गार्ड, ऊसतोडीचे मुकादम, मास्तर. हो, मास्तरही. तिकीट घेताना माणूस सगळ्या माळा चाळतो, मधलंच एखादं ओढतो, मग परत ठेवतो, मग डोळे मिटतो. कवठ्याच्या एका भाजीवाल्याला तर कुठलं घ्यावं ते कळेचना. त्यानं दोन तिकिटं काढली, मागं जिभेनं ओलसर केली आणि माझ्या दोन अंगांना चिकटवली.

"मामा, वाजवा," तो म्हणाला. "जे आधी पडंल ते घेतो."

मी शहारले. हौसरावांनी दोरी ओढली. उजवं तिकीट पडलं. आणि पुढच्या सोडतीत त्या तिकिटाला एक किरकोळ बक्षीस लागलं.

झालं. 'दौंडची घंटा कौल देते' ही बातमी गाडीबरोबर मनमाडपर्यंत गेली. माणसं चपला काढून माझ्याजवळ यायला लागली. मला हात लावून तो हात कपाळाला लावायला लागली. कोणीतरी माझ्या कानाला कुंकू फासलं. ज्या कामातून मला मुशीत घालून सोडवलं होतं, तेच काम पुन्हा माझ्या गळ्यात आलं. फरक एवढाच की आता त्याला सरकारचा परवाना होता. हजारांतल्या एकाचा कौल लागतो, त्याच्यासाठी मला वाजवतात. बाकीचे गुपचूप घरी जातात, त्यांच्यासाठी कोणी वाजवत नाही. मला तेही दिसायचे. मी उंचावर होते.

एका संध्याकाळी चांगदेव आला. त्याच्या हातात भागुबाईनं बांधून दिलेली पुरचुंडी होती. मी ओळखली ती. वस्तीतल्या बायांनी मजुरीतून मागं टाकलेले, पत्र्यांचे पैसे.

"मामा, मला पूर्ण बुक द्या," तो म्हणाला.

 हौसराव वाईट माणूस नव्हेत. "तुझ्या आईला ठावं हाय का रं?"

"आईला काय सांगायचं त्यात? सरकारला शाळेसाठीच देतोय. लागलं तर पत्र्याऐवजी स्लॅब टाकू. न्हाई लागलं तरी पैसा शाळेलाच गेला. म्हंजी बुडाला कुठं?"

तो खरंच तसं मानत होता. वसतिगृहात मी असे हुशार तर्क ऐकले होते, पण असा नव्हता ऐकला. मला ओरडावंसं वाटलं. पण माझी दोरी माझ्या हातात नव्हती. त्यानं दोन बुकांतली वरची दोन तिकिटं ओली करून माझ्या अंगाला चिकटवली. भागुबाईच्या मुलानं. डावं पडलं. त्यानं ते बुक घेतलं.

सोडतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भागुबाई आली. पत्र्यांची गाडी का येत नाही, ते बघायला. केस पांढरे झाले होते, चाल तीच. तिनं मला लांबूनच ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला. मग तिला कुंकू दिसलं. मग माझ्या अंगाला चिकटलेली दुसऱ्या कोणाची तरी तिकिटं दिसली. ती जागीच थांबली.

"चांगदेवा, हे काय हाय?"

तो सांगत गेला. त्या सोडतीत बुकातल्या एकाही तिकिटाला काही लागलं नव्हतं. "पर आये, पैसा शाळेला गेलाय. साहेब सोता म्हणलं."

"कंच्या शाळेला?"

"कंच्याबी. कुठं तरी बांधत्यालच की."

"बांधू देत. त्यात आपल्या पोरी कुठं बसत्यात, तेवढं दाव मला."

त्यानं खिशातून तिकिटांचं बुक काढून तिच्यापुढं धरलं.

"धुरपदाआत्यानं लग्नातली मूर्ती दिली," भागुबाई हळूच म्हणाली. "कौल सुटावा म्हणून दिली. आन् तू तिच्याच अंगाला चिठ्ठ्या डकवल्यास व्हय रं?"

ती मला न्यायला निघाली, पण हौसराव आडवे आले. "मावशे, हिच्यावर माझं गिऱ्हाईक हाय. राहू द्या. दर महिन्याला भाडं देतो. त्यातनं पत्रं येतील." चांगदेवनं आईकडे पाहिलं. त्याला ते पटलं होतं. भागुबाई "सकाळी सांगते," म्हणाली आणि मुलाच्या क्वार्टरवर गेली.

तिनं लगेच 'नाही' म्हटलं नाही, म्हणून मी हादरले. ती 'हो' म्हणाली तर? माझ्या भाड्यातून पत्रे पडतील, त्याखाली पोरी बसतील, आणि वाचता वाचता विचारतील, हे छप्पर कशाचं? कौलाचं, हेच उत्तर असेल. मग त्या पाढे कशाला पाठ करतील? मला ते छप्पर नको होतं. आणि भागुबाईला तो प्रश्न माझ्यामुळे सोसावा लागावा, हेही नको होतं.

आज सकाळी ठेला उघडला. भागुबाई आणि चांगदेव आले तेव्हा माझ्याभोवती गर्दी होती. माझ्या दोन अंगांना दोन ओली तिकिटं लावलेली. जालिंदरही होता. "वाजवा की मामा, देवीला उशीर नका करू," तो म्हणाला. हौसरावांनी दोरीला हात घातला.

माझी वादी झिजली होती, हे खरं. औरंगाबाद सोडल्यापासून तिला कोणी तेल लावलं नव्हतं. लोक म्हणतील, ती तुटली. म्हणोत. आज सकाळी, हौसरावांनी दोरी ओढली त्या क्षणी, मी माझी जीभ सोडायची ठरवलं आणि सोडली.

ती फळीवर आदळून तिकिटांच्या माळांत पडली. सगळे माझ्याकडे बघत राहिले. दोन्ही तिकिटं जागच्या जागी चिकटलेली. ना उजवं पडलं, ना डावं.

"कौल न्हाई दिला," कोणीतरी घाबरून पुटपुटलं. "फुटली वाटतं," म्हणत हौसरावांनी हात मागं घेतला.

भागुबाई पुढं झाली. पदराच्या ओल्या टोकानं तिनं दोन्ही तिकिटं पुसून काढली, मग कुंकू पुसलं. चांगदेवनं खाली वाकून माझी जीभ उचलली आणि शर्टाच्या खिशात घातली. "आये, वादी मी घालून आणतो," तो म्हणाला. त्याचा आवाज माझ्यासारखाच गेला होता.

"वादी मागनं," भागुबाई म्हणाली. "आधी पत्र्याचं बघ." आणि मला कडेवर घेऊन ती एस्टी स्टँडकडे निघाली.